कुवेतच्या मंचावरचं जपानी वर्ष

सांगलीत माझं साड्यांचं दुकान आहे. त्यामुळे मी कुवेतला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी विचारतात, "तिकडून काय माल आणला?" विकायला म्हणून माल काही आणला नाही. मी गेलो होतो मुलीला आणायला, आणि तीही आणली नाही. तरी जे पाहिलं ते लिहून ठेवतो आहे, कारण वाळवंटात जाऊन मी जपानी माणसांकडून ऋतू शिकलो असं तोंडी सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते.

मेधा माझी एकुलती मुलगी. कुवेतमध्ये जाब्रिया नावाच्या भागात एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. जावई शिरीषराव मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनियर. आखातातलं युद्ध संपून तिकडे पुन्हा माणसं लागायला लागली तेव्हा ते गेले, आणि लग्नानंतर ही गेली. त्या वर्षी मेधाला दिवस गेले होते. बाळंतपण चैत्रात. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारायचं काही नसतं. पण तिने फोनवर सांगितलं, "बाबा, मी इथेच थांबणार आहे." फोनवर घासाघीस होत नाही, त्याला समोरच्याचा चेहरा दिसावा लागतो. म्हणून संक्रांत झाल्यावर तिळगुळाचा डबा, तिच्या आईने दिलेली काळी चंद्रकळा, आणि येतानाची दोन तिकिटं, एक माझं आणि एक मेधाचं, असं घेऊन मी निघालो.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे माझा राग कुठला ते कळेल. मी सायकलवर गठ्ठे बांधून आठवडी बाजार केले, त्यातून दुकान उभं राहिलं. तालुक्यातल्या किती मुलींचे लग्नाचे शालू माझ्या हातून गेले याचा हिशेब नाही. मेधाच्या लग्नाच्या बैठकीत मी बाकी सगळं सोडलं आणि एकच गोष्ट भांडून घेतली, शालू आमच्याकडचा. बनारसहून स्वतः निवडून आणला. आणि मुहूर्ताला मुलगी बाहेर आली ती सासरकडच्या साडीत. चार माणसांत मी काही बोललो नाही. नंतर मात्र बरंच बोललो. तेव्हा शालू त्यांचा झाला, निदान बाळंतपण तरी आमचं होईल, अशा हिशेबाने मी विमानात बसलो.

जाब्रिया

कुवेत म्हणजे भट्टी, एवढंच मला माहीत होतं. बॅगेत सगळे सुती शर्ट. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने दात वाजायला लागले. शिरीषरावांनी आपला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला. त्यांची उंची सहा फूट, माझी किती ते सांगत नाही. पुढचा महिनाभर मी बाह्या दुमडून त्या कोटात वावरलो.

थंडीत तिथली माणसं एक मजेदार गोष्ट करतात. शहरात संगमरवरी घर असताना वाळवंटात तंबू ठोकून राहतात. शिरीषराव एका सुट्टीच्या दिवशी मला ते दाखवायला घेऊन गेले. कुठे कुठे वाळूतून बोटभर गवत आलं होतं. एक म्हातारे कुवेती गृहस्थ त्या गवताकडे तोंड करून चहा पीत बसले होते, जसं आपल्याकडे कुणी समुद्राकडे बघत बसेल. आम्हालाही बोलावून चहा दिला. गवत फार दिवस टिकत नाही म्हणाले, म्हणून बघून घ्यायचं.

बाजारात आपल्या पापलेटला जुबेदी म्हणतात. मासा उत्तम, पण विकणारा भाव सोडत नव्हता. मी तीनदा उठून चालायला लागलो, तीनदा त्याने हाक मारली. घरी आल्यावर मेधा म्हणाली, "बाबा, पुढच्या दुकानात तो याच भावाने मिळतो." मी तिला म्हटलं, मिळत असेल, पण तिथे हाक मारत नाहीत.

पहिला आठवडा मी मुद्द्याला हात घातला नाही. दुसऱ्या आठवड्यात जेवताना तिकिटं टेबलावर ठेवली. मेधाने ती उचलून पाहिली आणि माझ्या ताटाशेजारी परत ठेवली.

"माझी डॉक्टर इथे आहे, शिरीष इथे आहे, माझी नोकरी इथे आहे."

"आणि माहेर?"

"माहेर आहेच की. कुठे जातंय?"

"तुला तिथलं काहीच नको असतं. शालूही नको होता."

"बाबा, तो शालू नेसून मला खाली बसता येत नव्हतं इतका जड होता. गुरुजी बसा म्हणाले असते तर मी पडले असते."

"जरीचा असतो तो जडच असतो. हलका असतो त्याला शालू म्हणत नाहीत."

शिरीषराव म्हणाले, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." हे ते सगळ्यांनाच म्हणतात आणि मग मेधा म्हणेल तसं करतात.

हळदीकुंकू

रथसप्तमीच्या आत मेधाने हळदीकुंकू केलं. आसपासच्या मराठी बायका आल्या, आणि त्यांच्यात एक जपानी बाई. नाव नाकानो. वय पन्नाशीचं, अंगाने काटकुळ्या, कंबर दुखते म्हणून मेधाकडे उपचाराला यायच्या. नवरा शिरीषरावांच्या कामाशी संबंधित कुठल्याशा जपानी कंपनीत. त्या इंग्रजीत बोलायच्या, माझं इंग्रजी दुकानापुरतं, म्हणून मधे मेधा.

मेधाने चंद्रकळा नेसली होती. बाईंनी कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला आणि साडीकडे बघत राहिल्या. शुभ दिवशी काळं कसं, असं त्यांनी विचारलं. विषय माझा होता. मी सांगितलं की काळा रंग ऊन धरून ठेवतो म्हणून संक्रांतीच्या थंडीत काळं नेसायचं, एरवी सणाला काळं चालत नाही.

"आणि ही थंडी संपली की?" बाईंनी विचारलं.

"घडी करून ठेवायची. पुढच्या संक्रांतीपर्यंत."

बाई जरा पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, त्यांच्याकडे सगळं वर्षच असं नेसायचं असतं. फक्त ऋतूच्या एक पाऊल पुढे. बाहेर बर्फ असताना अंगावर पहिल्या फुलांचं झाड घ्यायचं. फुलं खरोखर उमलली की ते वस्त्र कपाटात ठेवायचं, कारण झाडाशी स्पर्धा करणं बरं दिसत नाही. आणि जो ऋतू होऊन गेला तो तर अंगावर घ्यायचाच नाही.

"म्हणजे दुकानदारीच झाली," मी म्हटलं. "सीझनच्या आधी माल लावायचा आणि मागे राहिलेला दाखवायचा नाही."

मेधाने हे नाइलाजाने भाषांतर करून सांगितलं. बाई तोंडावर हात ठेवून बराच वेळ हसल्या.

मग खरं काम निघालं. कुवेतमधली जपानी कुटुंबं एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम करणार होती, आणि त्यात नाकानो बाई जुन्या पद्धतीचा एक नाट्यनाच करणार होत्या. एक बाई दाराशी कुणाची तरी वाट पाहते आहे. वसंत जातो, उन्हाळा जातो, शरद जातो. हिवाळ्यात ती वाट पाहणं सोडते, छत्री उघडते आणि बर्फात स्वतःच निघते. एवढंच.

"वाट कुणाची पाहते?" मी विचारलं.

"ते सांगितलेलं नाही."

मला हे पटलं नाही. आमच्याकडे असं अर्धवट नाटक चालणार नाही, असं मी म्हणालो. मेधाने ते भाषांतर केलं नाही.

मंचावर झाड नाही, घर नाही. हातातला पंखा वसंतात पाकळी होतो आणि उन्हाळ्यात पाणी. त्यांच्याकडच्या आणखी जुन्या नाटकात तर मागच्या भिंतीवर एकच पाइनचं झाड रंगवलेलं असतं, ते कधी बदलत नाही. बदलतो तो नटाचा पोशाख. या नाचात शरदाचं वस्त्र वरून आणि हिवाळ्याचं पांढरं वस्त्र आत, आणि सगळ्यांदेखत वरचं एका क्षणात उतरवायचं. त्यासाठी ते कच्च्या दोऱ्याने शिवलेलं असतं. दोऱ्याच्या टोकांना गाठी असतात. मागे काळ्या कपड्यांतला मदतनीस बसतो, तो गाठी ओढतो. पांढरं वस्त्र बाईंकडे होतं. वरच्या वस्त्रासाठी अंगावरून पाण्यासारखं घसरणारं रेशीम त्यांना मिळत नव्हतं.

रेशीम मिळत नाही असं माझ्यासमोर कुणी म्हणावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मुबारकियाचा बाजार

कुवेत सिटीत मुबारकिया नावाचा जुना बाजार आहे. तिथे दाऊदभाईंचं कापडाचं दुकान. मूळचे दापोलीकडचे. मी "काय हो शेठ" म्हटल्याबरोबर त्यांनी गल्ल्यावरूनच ओळखलं.

"सांगली का मिरज?"

"सांगली."

"म्हणजे भाव करणार. आधी चहा घ्या, मग भांडू."

चहा झाला, मग भांडलो. दुपार तिथेच गेली. शरद ऋतूसाठी साधं विटकरी रेशीम होतं. पण त्याच्या शेजारी एक फिकट गुलाबी फुलांचं होतं, तलम, हातात धरलं तर वजन लागू नये असं. ते महाग. मी विटकरीचा भाव विचारत राहिलो आणि शेवटी त्याच भावात फुलांचं घेऊन निघालो. बाहेर पडताना दाऊदभाई म्हणाले, "शेठ, तुम्ही इथे दुकान टाकू नका. मला गावी जावं लागेल."

मी विजयी थाटात मेधाला घेऊन नाकानो बाईंच्या घरी गेलो आणि कापड त्यांच्यासमोर उलगडलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. फार सुंदर म्हणाल्या. इतकं सुंदर की त्यांची त्यासाठी लायकी नाही. मग चहा दिला. मग म्हणाल्या की कार्यक्रमाला अजून बरेच दिवस आहेत.

खाली येऊन गाडीत बसल्यावर मी मेधाला म्हटलं, "खूश झाली बाई."

"बाबा, त्या नको म्हणाल्या."

"कधी?"

"सगळा वेळ तेच म्हणत होत्या."

मी गाडीतून उतरून परत वर गेलो, मागोमाग मेधा. माझा आवाज चढला होता हे मला माहीत आहे. रेशीम खोटं आहे का? महाग आहे का? बाईंनी मला बसवलं आणि या वेळी सरळ सांगितलं. ही वसंतातली फुलं आहेत. शरदात तिच्या अंगावर वसंत दिसला, तर तिने वाटच पाहिली नाही असा अर्थ होतो. दिवस गेलेच नाहीत असा. मग बर्फात निघायचं कारण उरत नाही.

मला चरफडायला खूप आवडलं असतं, पण त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येईना. दाऊदभाईंनी कापलेलं कापड परत घेतलं नाही, उलट ते मला हसले. विटकरी मी पुन्हा वेगळं घेतलं. ते गुलाबी रेशीम माझ्याकडेच राहिलं आणि इकडे पहिल्याच गिऱ्हाइकाने उचललं, हे जाता जाता सांगतो.

तालीम

विटकरी वस्त्र मीच कच्च्या दोऱ्याने टाचलं. गाठी ओढणाऱ्या जपानी बाई नवऱ्याच्या बदलीमुळे जपानला परत गेल्या होत्या. कुठला दोरा ओढला की काय सुटेल हे मलाच ठाऊक. तेव्हा गाठी ओढायचं काम माझ्याकडे आलं. काळा झगा, तोंडावर काळी जाळी. प्रेक्षकांनी या माणसाला पाहायचं नसतं, तो आहे असं मानायचंच नसतं. शिरीषराव म्हणाले, "बाबा, तुम्ही आणि न दिसणार?" घरात दोन दिवस हेच चाललं होतं.

टाचायचं काम चालू असताना बाईंनी मेधाच्या पोटाकडे बघून सहज सांगितलं की त्यांच्याकडेही मुलगी बाळंतपणाला आईकडे जाते. तशी पद्धतच आहे. मी सुई खाली ठेवली. त्या संध्याकाळी मी मेधाला सोडलं नाही.

"बघ. जपानी माणसंसुद्धा. एवढी मशिनं बनवणारी माणसं, पण मुलगी माहेरी जाते."

"मग त्यांना विचारा की त्या गेल्या होत्या का," मेधा म्हणाली आणि पाय उशीवर ठेवून पडून राहिली. पाय सुजले होते.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम. शरद आला, मी मागून सरकलो, डाव्या खांद्याची गाठ, उजव्या खांद्याची, कमरेची. दोरे सरसर निघाले, विटकरी रेशीम बाईंच्या अंगावरून सुटलं आणि माझ्या हातात आलं. आणि पुढे जे झालं ते माझ्या हातांनी केलं, मी नाही. इतकी वर्षं साडी हातात आली की हात एकच गोष्ट करतात. मी ते कापड झटकलं आणि प्रेक्षकांसमोर पूर्ण पसरून धरलं. पदर दाखवतात तसं.

वाजवणारे थांबले. समोर बसलेली मुलं हसायला लागली. नाकानो बाई पांढऱ्या वस्त्रात छत्री धरून त्या विटकरी भिंतीमागे उभ्या होत्या.

त्यांनी खाली वाकून मला धन्यवाद दिले. "फार सुंदर दाखवलंत," म्हणाल्या. "हिवाळा कुणीच पाहिला नाही."

तालीम संपल्यावर आम्ही मंचाच्या कडेला बसून भाताचे गोळे खाल्ले. आत आंबट काहीतरी होतं, लोणच्यासारखं. तिथे मी बाईंना विचारलं, तुम्ही गेला होता का माहेरी? मेधाने डोळे मिटून भाषांतर केलं.

नाही, त्या गेल्या नव्हत्या. त्यांची मुलगी कुवेतमध्येच झाली, खूप वर्षांपूर्वी. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. वडील फार रागावले. आई मात्र सरळ निघून आली. ऑगस्टमध्ये. बाहेर पाऊल टाकता येत नाही असा उन्हाळा, खिडकीतून बघावं तर रोज तेच पांढरं आकाश. आईने पुस्तकांचं एक फडताळ रिकामं केलं आणि त्यात कागदाची निळी फुलं ठेवली, कारण गावी तेव्हा ती फुलतात. काही दिवसांनी ती काढून कागदाचा चंद्र लावला. मग लाल पानं. मूल झालं तेव्हा बाहेर तीच धूळ होती आणि फडताळात शरद होता.

"आई म्हणायची, मुलीला यायला जमत नसेल तर ऋतूने यावं," बाई म्हणाल्या.

मेधाने हे वाक्य सांगितलं आणि उठून पाणी प्यायला गेली. मी भाताचा आणखी एक गोळा घेतला. नको होता, पण घेतला.

प्रयोग

सभागृह भरलं होतं. जपानी, कुवेती, आपले लोक. मेधा पुढच्या रांगेत, पायाखाली शिरीषरावांनी आणलेलं खोकं.

बर्फ पडताना आवाज होतो का? मला वाटत होतं नसेल. त्यांच्या नाटकात बर्फाला नगारा आहे. मोठा नगारा, काठीला कापड गुंडाळलेलं, आणि अगदी हळू, धप, धप. ऐकू येतो त्यापेक्षा छातीत जास्त लागतो. वरून टोपलीतून कागदाचे तुकडे पडायला लागले. मी गाठी ओढल्या. शरद सुटला. मी तो छातीशी गोळा केला, मागे सरकलो आणि शिकवल्याप्रमाणे प्रेक्षकांकडे पाठ करून बसलो.

आयुष्यात पहिल्यांदा माल माझ्या हातात होता आणि गिऱ्हाइकाकडे माझी पाठ होती. समोर नुसता काळा पडदा. रेशीम बाईंच्या अंगाने अजून गरम होतं. सभागृहात कुणी खोकत नव्हतं. पाऊल वाजलं, छत्री उघडल्याचा आवाज आला, आणि बाई निघाल्या. कुठे निघाल्या ते मला दिसलं नाही. सांगितलेलंही नाही. पण निघाल्या हे नगाऱ्यावरून कळत होतं, कारण तो लांब लांब जात होता. वळून बघायची फार इच्छा झाली. बघितलं नाही.

परतताना गाडीत मेधा म्हणाली, "बाबा, तुम्ही दिसलाच नाहीत."

"दिसायचं नव्हतंच."

गाडी सिग्नलला थांबली. मग मी म्हटलं, "बाळंतपण इथेच कर. फाल्गुनात तुझ्या आईला पाठवतो."

ती मागच्या सीटवरून पुढे वाकली. "आईचा गुडघा?"

"तू कशाची डॉक्टर आहेस? बघ की तिचा गुडघा."

"बरं. आणि बदल्यात?"

"बदल्यात काय?"

"बाबा, तुम्ही फुकट काही सोडत नाही."

मी म्हटलं, "बारसं सांगलीत."

"बाराव्या दिवशी बाळाला विमानात घालू?"

"मग उष्टावण. उष्टावण सांगलीत. आणि त्या दिवशीची साडी माझ्या दुकानातली."

"हलकी असेल तर."

"काठ माझ्या पसंतीचा."

"काठ तुमचा, वजन माझं."

"ठरलं," मी म्हटलं. शालूच्या बाबतीत अजूनही माझंच बरोबर होतं असं मला वाटतं, पण तो सौदा वेगळा होता.

"मला कुणी विचारणार आहे का?" शिरीषराव म्हणाले.

आम्ही दोघंही नाही म्हणालो.

सांगली

मेधाच्या तिकिटावरून एजंटशी भांडण झालं, ते सांगण्यासारखं नाही. घरी पोचलो तेव्हा सकाळ होती. फोनवर मी बायकोला काहीच कळवलं नव्हतं. बायकोने माजघर सारवल्यासारखं लखलखीत पुसून ठेवलं होतं. खोलीत पलंगाला नवी चादर, कोपऱ्यात बाळाची मऊ धुतलेली दुपटी. ती दारात उभी राहून माझ्या मागे रिक्षात बघत होती. रिक्षावाल्याने माझी बॅग उतरवली आणि रिक्षा वळवली.

"मेधा?"

"नाही आली."

"मग तुम्ही करायला काय गेला होता एवढे दिवस?"

मी बॅग आत ठेवली. शिरीषरावांचा कोट अंगावरच राहिला होता, तो काढला. मग तिला पहिल्यापासून सांगितलं, फडताळ, निळी फुलं, कागदाचा चंद्र, सगळं. माझ्या लांबड्या गोष्टींना ती मधे मधे "पुढे" म्हणते. या वेळी एकदाही म्हणाली नाही. झाल्यावर उठली आणि देवघरात गेली. मला वाटलं, रागावली. मी हातपाय धुवायला निघालो.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग तिचा.

"अहो, तिच्याकडे पाट आहे का, चैत्रात गौर मांडायला? का मी इथूनच घेऊन जाऊ?"